जॉन्सनच्या १९६५च्या भाषणातला 'वी' म्हणजे आम्ही की आपण?

अबोली_२२:
एम.ए.ला आहे. तेव्हाचा अमेरिकेचा अध्यक्ष लिंडन जॉन्सन, त्याचं १५ मार्च १९६५चं भाषण घेतलंय असाइनमेंटला, अमेरिकन काँग्रेससमोर केलेलं, काळ्यांच्या मतदानाच्या हक्कावरचं. अनुप्रास, तेच वाक्य फिरवून म्हणणं (निग्रोंचा प्रश्न नाही, दक्षिणेचा नाही, उत्तरेचा नाही, प्रश्न अमेरिकेचा आहे) सगळं लिहून झालं तर सर म्हणे ही यादी झाली, अ‍ॅनालिसिस कुठंय. सोमवारी सबमिशन आहे 😐

जुनं_खोड:
आधी त्याच्या आठवडाभर आधीचं बघ. ७ मार्चला अलाबामात सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांना लाठ्या नि अश्रुधुराने झोडपलं, ते घरोघरी टीव्हीवर दिसलं, म्हणून जॉन्सन त्याचं वर्णन करत बसत नाही, तो थेट मतदार नोंदणीच्या ऑफिसात नेतो. काळा माणूस नाव नोंदवायला गेला की आज वार चुकला, वेळ संपली, साहेब जागेवर नाहीत... हे आपल्याकडे कुणालाही कळेल 😀 त्यातूनही फॉर्म भरलाच तर परीक्षा, अख्खी राज्यघटना म्हणून दाखव, आणि डिग्री असली तरी लिहिता-वाचता येतं याला तो पुरावा नाही! मला विचारशील तर खरी ताकद इथे आहे, त्याने भाषणात घेतलेल्या 'वी शॅल ओव्हरकम' या मोर्चातल्या गाण्याच्या ओळीत नाही.

टेकडीवरची:
काका, त्या ओळीला एवढं खाली नका टाकू. अबोली, 'वी शॅल ओव्हरकम' मराठीत करून बघ, पहिल्याच शब्दाला अडशील. मोर्चातले लोक गात होते तेव्हा ते 'आम्ही' होतं. जॉन्सन आधी म्हणतो की नुसत्या निग्रोंनी नाही, आपण सगळ्यांनीच द्वेष आणि अन्यायाच्या या वारशावर मात करायचीय, आणि मग ती ओळ. झालं, 'आम्ही'चं 'आपण' झालं, आणि समोर बसलेले दक्षिणेतले सिनेटरही त्यात ओढले गेले, त्यांना हवं असो नसो. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द म्हणून जमलं हे. (शाळेतलं 'हम होंगे कामयाब' याच गाण्याचं, तिथेही 'हम' दोन्हीकडे चालतो.)

रात्रपाळी:
भारावून जायच्या आधी त्या 'आपण'मध्ये कोण नाही ते बघा. एका भल्या माणसाचा, देवाच्या माणसाचा जीव गेला असं तो म्हणतो, तो जेम्स रीब, बोस्टनहून आलेला गोरा पाद्री. पण मोर्चा मुळात निघाला तो जिमी ली जॅक्सनमुळे, २६ वर्षांचा काळा तरुण, फेब्रुवारीत मॅरियन गावात स्टेट ट्रूपरने (राज्याच्या पोलिसाने) गोळी घातली आणि आठवड्याभराने गेला. भाषणात त्याचा शब्द नाही.

जुनं_खोड:
मुद्दा बिनतोड. फक्त एवढंच, समोर मतं द्यायला बसलेले जवळपास सगळे गोरेच होते आणि त्याला विधेयक पास करून घ्यायचं होतं. ६ ऑगस्टला सही झाली पण.

अबोली_२२:
थँक्स सगळ्यांना 🙏 आम्ही/आपण वरच लिहिते, जॅक्सनवर वेगळा परिच्छेद. एक शंका, एवढं 'आपण' करून शेवटाकडे तो परत 'मी'वर का येतो? १९२८मध्ये टेक्ससच्या कोटुलात शिकवायचो, मेक्सिकन पोरं उपाशी वर्गात यायची, आता माझ्या हातात संधी आहे, एक गुपित सांगतो, मी ती वापरणार आहे, असं काहीतरी.

टेकडीवरची:
कारण १९५७पर्यंत हाच माणूस काँग्रेसमध्ये नागरी हक्कांच्या विधेयकांना विरोध करत होता आणि ते समोरच्या प्रत्येकाला माहीत होतं.