पतीच्या आजारपणात देवाचा हेतू कसा ओळखावा?

प्रश्न (सांगली):
सर्वांना सलाम. माझ्या पतीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून आठवड्यातून तीनदा आम्हांला डायलिसिससाठी मिरजेला जावे लागते. दर खेपेस ते चार तास यंत्राला जोडलेले असतात आणि घरी आल्यावर दिवसभराचे पाणी मी मोजून देते. आमच्या ख्रिस्ती मंडळीतील काहीजण भेटायला आले की ‘कुठेतरी पाप लपलेले असेल, ते कबूल करा’ असे सांगतात. तर काहींच्या मते प्रभू आमची परीक्षा घेत आहे. माझा विश्वास ढळलेला नाही, परंतु प्रार्थनेला बसले की शब्दच सुचत नाहीत. या दुःखातून देवाला काय साधायचे आहे, हे मी कसे जाणून घ्यावे?

उत्तर (सातारा, निवृत्त पाळक):
ताई, लपलेल्या पापाची गोष्ट आधी मनातून काढून टाका. जन्मांध माणसाला पाहून प्रभू येशूच्या शिष्यांनीही विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभूने दोन्ही नाकारले आहे. जुन्या करारातील ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर त्यांची मैत्री खरी होती. पुढे ते त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले आणि शेवटी देवाचा कोप ओढवून बसले. शब्द सुचत नसतील तर ८८ वे स्तोत्र मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपते, तरी पवित्र शास्त्रात त्याला जागा आहे. प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’ म्हटलेली आपली पीडा निघावी म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा मात्र मिळाली. दुःखाचा हेतू कळलाच पाहिजे, अशी अट प्रभूने कोणत्याही रुग्णाला घातलेली नाही.

उत्तर (मिरज, निवृत्त परिचारिका):
मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून आमच्या गावात प्रार्थना आणि शुश्रूषा एकत्र नांदत आल्या आहेत, म्हणून थोडे लिहिते. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल सांगतो की आपल्याला लाभलेल्या सांत्वनानेच आपण इतर पीडितांचे सांत्वन करू शकतो. हे मी वॉर्डात पाहिले आहे. नवा रुग्ण सुईच्या धास्तीने हात आखडून घेतो, आमचे समजावणे त्याच्या कानांवरून जाते. मग शेजारच्या खाटेवरचा जुना रुग्ण बाही सरकवून स्वतःच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडलेल्या जागेवर, त्याची बोटे ठेवतो, कातडीखाली वाहत्या रक्ताची थरथर त्याला जाणवते, आणि तो हात पुढे करतो. त्या जुन्या रुग्णाच्या दुखण्याला तिथे अर्थ लाभतो, असे मला मनापासून वाटते. पण तो ज्याचा त्याला, त्याच्या वेळी लाभतो. आपल्या यजमानांकडून त्याची घाई करू नका.

उत्तर (सांगली, महिला मंडळ):
एकमेकांची ओझी वाहा, ही आज्ञा आम्हांलाही आहे, तेव्हा संकोच सोडून सांगा. आमच्या मंडळातील भगिनी आळीपाळीने डबा देतील आणि एक बंधू आपल्या यजमानांसोबत मिरजेला जातील. पथ्य तेवढे कळवा.

प्रश्नकर्ती:
आपणा सर्वांची आभारी आहे. मीठ अगदी कमी, केळी व नारळपाणी वर्ज्य, आणि भाज्या उकळून त्यांचे पाणी टाकून द्यावे लागते. गुरुवारी सोबत मिळाली, तर मला पुष्कळ दिवसांनी आईकडे जाऊन येता येईल.