१९९० ची एमएक्स-५: गिअरबॉक्स उतरवण्याआधी तेल नेमकं कुठून गळतंय, हे कसं ठरवू?

लाल रोडस्टर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९० ची माझदा एमएक्स-५ आहे. पहिली पिढी, उघडमीट होणारे दिवे, १.६ लिटरचं इंजिन. सहा वर्षं मी ही गाडी जिवापाड जपतोय. गेल्या दोन महिन्यांत गाडीखालच्या पुठ्ठ्यावर रोज तेलाचा डाग पडायला लागलाय. लांबची फेरी मारून आलो की डाग तळहाताएवढा होतो, आणि बोनेट उघडलं की जळक्या तेलाचा वास येतो. थेंब पडतो तो बरोब्बर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून.

गॅरेजमध्ये दाखवली. खालून बॅटरी मारून दोन मिनिटांत निदान झालं: क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. असेलही तसं. पण या गाडीत गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी जोडणारी लांब फ्रेम आधी काढावी लागते, प्रोपेलर शाफ्ट काढावा लागतो, काम मोठं आहे. एवढं सगळं खोलून पुन्हा थेंब पडला तर मला फार वाईट वाटेल. खात्री कशी करून घेऊ? क्लच अजून स्लिप मारत नाही.

चौथा गिअर:
आधी हे इंजिनचंच तेल आहे ना, ते बघा. पांढऱ्या कागदावर दोन थेंब घ्या आणि वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. इंजिनचं तेल पातळ आणि काळपट असतं. जोडावर दोन्ही तेलं येऊ शकतात, कारण गिअरबॉक्सचं पुढचं सीलही त्याच बेल हाउसिंगमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या घंटेसारख्या कवचात) गळतं.

जुनं इंजिन:
लाल रोडस्टर, तुमचा मजकूर वाचला आणि माझीच गोष्ट वाचतोय असं वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझीही याच पिढीची १.६. मलाही मागचं सील सांगितलं होतं. मी गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, हाताशी होतं म्हणून क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदललं. सगळं परत बसवलं. आठव्या दिवशी त्याच जागी थेंब. तेल येत होतं वरून, कॅम अँगल सेन्सरच्या (कॅमशाफ्ट किती फिरला ते ओळखणाऱ्या सेन्सरच्या) ओ-रिंगमधून.

हा सेन्सर हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) अगदी मागच्या टोकाला, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला, जवळजवळ चिकटून बसलेला असतो. त्याच्या बुडाशी एक रबरी ओ-रिंग असते. तीस-पस्तीस वर्षांच्या उष्णतेने ती प्लॅस्टिकसारखी कडक आणि चपटी होते. मग तेल हेडच्या पाठीवरून उतरतं, बेल हाउसिंगच्या बाहेरून ओघळत खाली येतं आणि जोडावरून थेंब टपकतो. खालून बघणाऱ्याला मागच्या सीलचा आणि याचा थेंब एकच दिसतो. गॅरेजवाल्याने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, पण त्याने वर बघितलं नाही हे नक्की.

फरक ओळखायची खूण आहे. मागचं सील गळत असेल तर तेल बेल हाउसिंगच्या आत येतं. वरची बाजू कोरडी राहते आणि ओल फक्त तळाशी दिसते. सेन्सर गळत असेल तर बेल हाउसिंगचा माथाच ओला असतो. छोटा आरसा दांडीला बांधा, बॅटरी घ्या आणि इंजिनच्या मागच्या फटीतून वरून बघा. सेन्सरच्या खालून हीटरचा रबरी पाइप जातो, तोही बोटाने दाबून बघा. तेलाने भिजून तो फुगलेला, मऊ पडलेला असेल तर तेल वरूनच येतंय. तो पाइपही बदला. तो फुटला तर कूलंट जातं आणि इंजिन तापतं, ते ओ-रिंगपेक्षा कितीतरी महागात पडतं.

पण आरशावरही पूर्ण भरवसा ठेवू नका. गाडी चालताना वारा तेल मागे ढकलतो, आठवडाभरात सगळीकडे चिकट थर बसतो आणि मूळ जागा झाकली जाते. म्हणून आधी इंजिन धुवा. गार इंजिनवर डिग्रीजर मारा, ब्रशने घासा, विजेचे जोड प्लॅस्टिकने झाका, पूर्ण वाळू द्या. मग हेडची पाठ, टॅपेट कव्हरची (हेडवरच्या झाकणाची) कड आणि बेल हाउसिंगचा माथा, तिन्हीवर टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवा. पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा. पांढऱ्यावर ओली रेघ उठते. तिचं सगळ्यात वरचं टोक जिथे, तिथे गळती.

लाल रोडस्टर:
मनापासून आभार. वास इंजिन तेलाचाच आहे. तेलात टाकायच्या चमकणाऱ्या रंगाबद्दलही ऐकलंय, तो वापरू का? आणि सेन्सर काढला तर टायमिंग बिघडेल का?

जुनं इंजिन:
पावडरीने भागलं नाही तर रंग वापरा. तो तेलात ओतायचा, गाडी थोडी चालवायची आणि अंधारात अतिनील बॅटरी मारायची. तेल पिवळं-हिरवं चमकतं. मात्र जुनं तेल आधी धुतलेलं हवं, नाहीतर सगळंच चमकतं.

टायमिंगचं बरं विचारलंत. सेन्सर फिरवूनच इग्निशन टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडायची ते) लावलेलं असतं, त्यामुळे काढण्याआधी सेन्सरच्या कडेवर आणि हेडवर मिळून एक बारीक रेघ कोरा. १२ मिलिमीटरचा एकच बोल्ट आहे, पण हात जायला जागा कमी, घाई करू नका. जुनी ओ-रिंग टोकदार आकड्याने काढा, खोबणीत ओरखडा पडू देऊ नका. नवी ओ-रिंग व्हिटॉनची घ्या, साध्या नायट्राइल रबरापेक्षा ती उष्णता चांगली सोसते. तेलाचा हात लावून बसवा, रेघ जुळवा. शेवटी बोनेटखालच्या डायग्नोसिसच्या डबीत टेन (TEN) आणि ग्राउंड (GND) या दोन पिना तारेने जोडून टायमिंग लाइटने १० अंश बघून घ्या.

डबल कॅम:
एक भर घालतो. ओ-रिंग बदलाच, पण पीसीव्ही व्हॉल्व्हही (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतली वाफ बाहेर सोडणारी झडप) काढून हलवून बघा. आतून खडखड आवाज यायला हवा. तो तुंबला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि तेल जी जागा कमकुवत असेल तिथून बाहेर पडतं. दाब तसाच ठेवून सील बदलत राहिलात तर आज मागचं, उद्या पुढचं, असं चालूच राहील.

टॅपेट कव्हरच्या गास्केटचे कोपरेही बघा. तिथे कॅमच्या टोपीजवळ सीलंटचा छोटा ठिपका लागतो, नाहीतर नवं गास्केटही ओलं होतं. त्याचे बोल्ट जोर लावून आवळू नका. ५ ते ९ न्यूटन मीटर पुरे, जास्त आवळले की हेडमधले आटे जातात.

आणि इंजिनच्या पुढच्या बाजूला तेल दिसलं तर क्रँकचं पुढचं सील आणि कॅमची दोन सीलं टायमिंग बेल्टच्या कामातच करून घ्या. मात्र तुमची १९९० ची गाडी म्हणजे आखूड नाकाचा, म्हणजे पुलीकडचं टोक आखूड असलेला, क्रँक. पुलीचा मधला बोल्ट काढलात तर क्रँकच्या खाचेची आणि चावीची झीज नीट तपासा, आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा.

लाल रोडस्टर:
तीन आठवड्यांनी लिहितोय. इंजिन धुतलं, पावडर लावली आणि वीस मिनिटांच्या फेरीनंतर सेन्सरच्या बुडापासून ओली रेघ बेल हाउसिंगच्या माथ्यावर उतरलेली दिसली. ती बघताना हात थरथरत होते, खरं सांगतो. जुनी ओ-रिंग काढताना तिचे तीन तुकडे झाले. पीसीव्ही व्हॉल्व्हही आवाज करत नव्हता, तोही बदलला. हीटरचा पाइप मऊ पडला होता, नवा बसवला. टायमिंग १० अंशांवर आहे.

जोडाखालचा पुठ्ठा सतरा दिवस कोरडा आहे. गिअरबॉक्सला हात लावावा लागला नाही. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, ऑइल प्रेशरच्या सेंडरपाशी मात्र थोडी ओल दिसतेय. तिथेही पावडर लावून ठेवली आहे, रविवारी बघतो.