कापडी डायपर : रात्रीची गळती आणि अमोनियाचा वास, मदत हवी आहे

लेक दीड महिन्याची होती तेव्हापासून आम्ही कापडी डायपर वापरतोय, आता ती ७ महिन्यांची आहे. सुरुवातीला सुती चौकोनांच्या घड्या आणि वरून कव्हर असं चालायचं. मग खिशावाले डायपर घेतले. बाहेरून पाणी न झिरपणारं पीयूएलचं (प्लास्टिकचा पातळ पडदा चिकटवलेलं) कापड, आतून मऊ थर आणि मधल्या खिशात मायक्रोफायबरचा इन्सर्ट, म्हणजे शू शोषणारी पट्टी. एकूण १८ आहेत. इतकं सुरळीत चाललं होतं की ओळखीतल्या दोघींना मी अगदी आग्रहाने घ्यायला लावले. आता त्यांचा फोन आला की विषय बदलते.

गेले तीन आठवडे रात्री दोन-अडीचला डायपर गळतो. अंथरूण, झबलं, सगळं ओलं. आणि सकाळी टिचबटणं उघडली की डोळ्यांत पाणी येईल असा अमोनियाचा वास. धुऊन वाळलेल्या डायपरला नाक लावलं तर काही नाही, पहिली शू झाली की पंधरा मिनिटांत वास हजर.

धुतो असे : शी टॉयलेटमध्ये, डायपर जेटने साफ करून उघड्या बादलीत, दिवसाआड मशीन. आधी गार पाण्यात खळबळून, मग ४० अंशांवर लांबलचक धुणं. पावडर मात्र चमचाभरच, बाळाच्या अंगाला टोचेल म्हणून.

दोन गोष्टी कबूल करते. दोन महिन्यांपूर्वी घर बदललं, इथल्या पाण्यात क्षार बरेच आहेत, नळाच्या तोंडावर पांढरा थर बसतो. दुसरी गोष्ट मला परवाच कळली. इन्सर्ट कडक लागतात म्हणून सासऱ्यांनी महिन्याभरापासून मशीनमध्ये गुपचूप सॉफ्टनर घालायला सुरुवात केली होती. नातीला टोचू नये म्हणून. रागावणार तरी कशी?

सासूबाईंचं म्हणणं, सगळे उकळून काढ. नवऱ्याचं म्हणणं, रात्रीपुरता वापरून फेकायचा लाव आणि झोप. मला दोन्ही नको आहे. डायपर बाद झालेत का धुण्यात चुकतंय, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद :
आधी एक करून बघा. वाळलेल्या इन्सर्टवर चमचाभर पाणी ओता. लगेच मुरलं तर इन्सर्ट ठीक आहे. थेंब मोत्यासारखे वर बसून राहिले तर धाग्यांवर थर चढलाय. सॉफ्टनरचं कामच धाग्यावर पातळ थर चढवण्याचं, म्हणून कपडा मऊ लागतो, आणि म्हणूनच तो पाणी शोषेनासा होतो. झिंकचं किंवा व्हॅसलीनसारखं चिकट मलम लावत असाल तर तेही हेच करतं, मधे पातळ लायनर टाकत जा.

प्रतिसाद :
माझ्या मते मुख्य गुन्हेगार तो चमचा. लघवीतल्या युरियाचं जंतू अमोनिया करतात. पावडर कमी पडली की घाण पूर्ण सुटत नाही आणि वाळलेल्या कापडात दडून बसते. कोरडं असताना वास नाही, ओलं होताच येतो, हे त्याचंच लक्षण. त्यात क्षारांच्या पाण्यात पावडरची बरीच ताकद क्षारांशी झुंजण्यातच जाते, म्हणजे तिथे जास्तच लागते. मळकट कपड्यांच्या भरलेल्या मशीनला घालाल तेवढी घाला, सोबत थोडा धुण्याचा सोडा. बाळाला पावडर टोचत नाही, न खळबळलेली पावडर टोचते.

आणि कृपा करून उकळू नका. सासूबाईंचं खरं आहे, पण निव्वळ सुती कापडापुरतं. पीयूएल उकळलं की आतला चकचकीत पडदा कापडापासून सुटतो, इलॅस्टिकही ढिलं पडतं. ६० अंश पुरे.

प्रतिसाद :
गळतीचं कारण वेगळंही असू शकेल. मुलगी पालथी झोपायला लागली आहे का? मायक्रोफायबर स्पंजसारखा असतो, पटकन पितो आणि दाबला की तितक्याच पटकन ओकतो. रात्री त्याच्याखाली हेम्पचा (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचा) किंवा सुती इन्सर्ट ठेवा. तो सावकाश पितो पण धरून ठेवतो. नवीन असेल तर आधी पाच-सहा वेळा धुवा, नैसर्गिक धाग्यातलं तेल गेल्याशिवाय तो नीट शोषत नाही. मायक्रोफायबर मात्र खिशातच, थेट त्वचेला लागला तर ती कोरडी पाडतो.

रॅश नाही ना? जांघेच्या घडीत लालबुंद चट्टा आणि भोवती सुटे ठिपके दिसले तर ते बुरशीचं असू शकतं. ते धुण्याने जाणार नाही, डॉक्टरांना दाखवा.

मूळ प्रश्नकर्ती, दहा दिवसांनी :
थेंब मोत्यासारखेच बसले! सगळे इन्सर्ट ६० अंशांवर पूर्ण पावडर घालून धुतले, मग नुसत्या गरम पाण्यात. पाणी बुळबुळीत आणि राखाडी निघालं. तीनदा केलं तेव्हा कुठे स्वच्छ आलं. बघून सासूबाईंनी उकळण्याचा विषय काढला नाही, त्यांच्या जुन्या सुती घड्या मात्र उकळून घेतल्या, आणि त्यांतलीच एक आता रात्री मायक्रोफायबरखाली जाते. वास गेलाय. रॅश नव्हती, थोडी लाली होती, तीही गेली. पालथी झोपते हे बरोबर ओळखलंत.

सासरे आता पावडर मोजून घालतात आणि मला दाखवून घालतात.

१८ पैकी दोन डायपर अजून डाव्या मांडीशी गळतात. खेचून बघितलं तर इलॅस्टिक सैल, आम्ही ते कडक उन्हात टांगायचो. हे घरी बदलता येतं का?

प्रतिसाद :
येतं. टोकाची दोन-तीन बोटं शिवण उसवा, जुन्या इलॅस्टिकला नवं टाचून ओढून घ्या, दोन्ही टोकं पक्की शिवा. पीयूएलला मधेच सुई टोचू नका, तिथून झिरपेल. आणि यापुढे ऊन इन्सर्टना द्या, डाग त्यानेच फिके होतात. कव्हर सावलीत.