जॅगरी : नाव साखरेचं, माल गुळाचा

परवा शाहूपुरीत गूळ घ्यायला गेलो होतो. एका पुड्यावर 'जॅगरी पावडर' छापलेलं. सोबत पुतणी होती. म्हणाली, "काका, गुळाचं जॅगरी कसं काय झालं ओ? गचा ज केला काय?"

मलाही इतके दिवस तसंच वाटायचं. पण जॅगरीत गूळ हा शब्द नाहीच. संस्कृत शर्करा मल्याळममध्ये 'चक्कर' झाली, पोर्तुगीजांच्या तोंडी तिची 'जागरा' झाली आणि इंग्रजांनी तिला जॅगरी केलं. म्हणजे माल गुळाचा, नाव साखरेचं!

शुगर हीसुद्धा तीच शर्करा, फक्त दुसऱ्या वाटेनं गेलेली. फारसीत शकर, अरबीत सुक्कर, मग लॅटिन आणि फ्रेंच ओलांडून इंग्रजीत. त्याच्याही कितीतरी आधी ग्रीकांनी 'साक्खारोन' उचललं होतं, तेही प्राकृत-पालीतल्या 'सक्खरा'वरून. म्हणून तर ते आपल्या साखरेच्या इतकं जवळचं वाटतं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो, की ही वस्तू फक्त औषधाला वापरतात. त्याच नावावरून 1879 साली सापडलेल्या रसायनाला सॅकरीन म्हणाले. त्यात साखरेचा कणही नाही, हा भाग वेगळा.

कॅन्डीचं मूळ खंड, म्हणजे आपली खांड. वाट तीच, फारसी-अरबीची. पण म्हणून अख्खी इंग्रजी आपलीच, असं म्हणत सुटू नका. हे शब्द मालाबरोबर गेले, एवढंच.

मला खरी गंमत वाटली ती अर्थाची. शर्करा म्हणजे मुळात खडे, रेव. आयुर्वेदात लघवीतून पडणाऱ्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हणतात. दाणा धरला म्हणून ती शर्करा.

आणि गूळ? संस्कृतात 'गुड' म्हणजे गोळासुद्धा. गुऱ्हाळावर कधी उभं राहिलात तर हे कोशात बघायची गरज नाही. काहिलीत पाक फसफसत असतो, चुलवाणात चिपाडं पेटलेली. गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकतो आणि बोटांनी चाचपतो. गोळी वळली की हाक देतो, काहील उतरवा.