अभंग रेकॉर्ड करायचेत, क्लिक न लावता. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

वीणेकरी:
नमस्कार मंडळी.

आमचं आठ जणांचं भजनी मंडळ आहे, सांगली जिल्ह्यात. आषाढीच्या आत पाच अभंग नीट रेकॉर्ड करून ठेवायचे आहेत. विकायचे वगैरे नाहीत. पखवाज वाजवणारे आमचे मृदंगमणी सत्तरी ओलांडून गेलेत, त्यांचा हात आज जसा चालतोय तसा राहावा, एवढीच इच्छा.

सामान: विंडोजचा लॅपटॉप (आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम), दोन माइक लागतात असा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची पेटी), दोन माइक, एक हेडफोन. जागा म्हणजे रविवारी रिकामा असणारा शाळेचा वर्ग.

पुतण्या म्हणतो एफएल स्टुडिओ. त्याचा मित्र म्हणतो एबलटन. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा म्हणाला, "क्यूबेस टाकून देतो, फुकट." ते फुकट म्हणजे कसलं ते कळलं, नको म्हणालो. महिनाभर व्हिडिओ बघतोय. ज्याच्याकडे जे आहे ते तो भारी म्हणतो, यापलीकडे काही हाती लागलं नाही.

पुतण्याच्या लॅपटॉपवर एक प्रयोग केला. त्याने ९० चा क्लिक, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांची टिकटिक, हेडफोनमध्ये लावून दिला. मृदंगमणींनी चार आवर्तनं वाजवली आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "ही टिकटिक माझ्याशी भांडायला बसवलीय का?" त्यांचंही बरोबर आहे. आमचा अभंग ठाय लयीत उचलतो आणि गजराला येईपर्यंत लय जवळपास दुप्पट झालेली असते. ती कुठे किती वाढवायची ते ते ठरवतात, आम्ही मागे जातो.

तर अशा कामाला काय घ्यावं? खर्च पाच-सात हजारांच्या आत बसला तर उत्तम.


डबिंगवाला:
वीणेकरी, प्रश्न छान मांडलात. बहुतेक लोक "सगळ्यात चांगलं कोणतं" असं विचारतात आणि मग धाग्यात मारामाऱ्या होतात.

मी पुण्यात डबिंग आणि व्हॉइसचं काम करतो, अठरा वर्षं झाली. माझा ठोकताळा साधा आहे: काम सुरू करताना तुमचा हात पहिल्यांदा कशाला लागतो? माणूस समोर बसवून लाल बटण दाबत असाल तर सॉफ्टवेअर एका जातीचं लागतं. एकटे बसून ठेक्याचा तुकडा जुळवत असाल तर दुसऱ्या जातीचं. आवाजाचा दर्जा सगळ्यांचा सारखाच असतो. एकच वेव्ह फाइल चार सॉफ्टवेअरमध्ये वाजवलीत तर चारही ठिकाणी तीच वाजणार.

तुम्ही पहिल्या जातीचे. लांब टेक, दोन माइक, नंतर थोडी कापाकापी, आवाजाचा समतोल, संपलं. त्याला रीपर घ्या. ६० दिवस पूर्ण चालतं, काहीही बंद ठेवलेलं नसतं. नंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलर, म्हणजे तुमच्या बजेटात बसतो. इन्स्टॉलर इतका छोटा आहे की मोबाइलच्या नेटवर उतरेल, आणि ८ जीबी रॅमवर कुरकुर करणार नाही. गाणी वाजवायचं विनॅम्प आठवतंय का? ते लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच हे.

वाईट बाजूही सांगतो. उघडल्यावर राखाडी पडदा आणि मेनूंचं जंगल. आत वाद्यांचे तयार आवाज जवळपास नाहीतच. तुम्हाला ते नकोच आहेत, म्हणून तर सुचवतोय.

प्रो टूल्सच्या वाटेला जाऊ नका. सिनेमाच्या स्टुडिओत ते चालतं म्हणून मलाही वापरावं लागतं, पण शाळेच्या वर्गात त्याचं काही काम नाही.


हलगीसम्राट:
काका, मी एफएलवाला. कोल्हापूर. डीजेची गाणी बनवतो, राग मानू नका 😄

पुतण्याचं चुकलं नाही, त्याच्या कामाला तेच बरोबर आहे. तुमच्या कामाला नाही. एफएल उघडलं की समोर १६ बटणांची रांग येते. चार बटणं दाबली की ठेका चालू. मी मित्राची हलगी फोनवर रेकॉर्ड केली, एकेक ठोका कापला आणि बटणांवर बसवला. पहिल्यांदा ऐकलं तर सगळं मुडदा! शिवणयंत्र चालल्यासारखं. मग कळलं, तो तिसरा ठोका कधीच जागेवर मारत नाही, किंचित मागं ओढतो. आता मी तो हातानं मागं सरकवतो प्रत्येक वेळी. म्हणजे बघा, जो माणूस समोर बसून वाजवतोय त्याचं मी यंत्रात परत खोटं तयार करतोय. तुमच्याकडं खरा माणूस आहे की!

आणि पुतण्याला सांगा, एफएलची सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्ती घेऊन गाणाऱ्याचा आवाज रेकॉर्ड होत नाही. प्रोड्यूसर आवृत्तीच्या खाली जाऊ नको म्हणावं. ट्रायलमध्ये सेव्ह केलेलं काम विकत घेतल्याशिवाय परत उघडत नाही, हेही लई जणांना रात्री दोनला कळतं. बाकी एकदा घेतलं की नवीन आवृत्त्या आयुष्यभर फुकट, त्यासाठी मी त्यांना सलाम करतो.


तिसरी घंटा:
एबलटनबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. मी एकांकिकांना संगीत देतो आणि प्रयोगात स्वतः वाजवतो. त्यासाठी एबलटनच्या लाइव्हसारखं दुसरं काही नाही.

त्यात सेशन व्ह्यू असतो, म्हणजे चौकटींची जाळी. प्रत्येक चौकटीत संगीताचा एक तुकडा. समजा नटाने पॉज घेतला आणि तालमीत चार सेकंदांचा असलेला पॉज प्रयोगात अकरा सेकंदांचा झाला. माझा तुकडा गोल फिरत राहतो. त्याने मान वर केली की पुढची चौकट दाबायची, बदल बरोबर मात्रेवर होतो. डावीकडून उजवीकडे धावणाऱ्या टेपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे करायला गेलो तर घाम फुटेल.

पण वीणेकरींनी घेऊ नये. लांब रेकॉर्डिंग बाहेरून आणून टाकलं की लाइव्ह आपणहून त्याची लय ओळखायला जातं आणि प्रोजेक्टच्या लयीला ताणून बसवतं. हे ताणणं, म्हणजे वॉर्प, बंद करता येतं, पण ते माहीत नसेल तर मृदंगमणी रबरासारखे वाजतील.


चहाबाज:
ऑडॅसिटी फुकट आहे की. कशाला एवढा खल?


डबिंगवाला:
चहाबाज, एका माणसाचं बोलणं किंवा कीर्तन रेकॉर्ड करायचं असतं तर मीही तेच म्हणालो असतो. इथे पेटी, पखवाज, टाळ, मुख्य आवाज, कोरस, शिवाय दोन-तीन टेक. इतकं सगळं घेऊन मागे-पुढे करत मिक्स करायला ते अवघडतं.


न्यूजर्सीकर:
आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवासाठी दरवर्षी दोन-तीन गाणी करतो. गाणारे पाच गावांत, जो तो फोनवर रेकॉर्ड करून पाठवतो. मी ॲपलच्या लॉजिक या सॉफ्टवेअरवर जुळवतो. त्यात स्मार्ट टेम्पो नावाची सोय २०१८ पासून आहे. क्लिक न लावता गायलेलं ऐकून ते लयीचा नकाशा स्वतः काढतं, आणि मग मी नंतर भरलेले तबला-टाळ त्या नकाशावर चालतात. तुमच्या अडचणीवर हा नेमका उतारा आहे.

फक्त ते विंडोजवर चालत नाही. त्यासाठी मॅक घेणं म्हणजे नथ आहे म्हणून नाक टोचण्याचा प्रकार. घरात कुणाकडे मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच त्यात असतं, हात बसवायला पुरे. पुढे लॉजिक घेतलंत तर गॅरेजबँडची फाइल त्यात तशीच उघडते. लॉजिक ९० दिवस वापरून बघता येतं.


डबिंगवाला:
नकाशा रीपरमध्येही काढता येतो, पण हाताने. एका समेपासून पुढच्या समेपर्यंत निवडायचं आणि तेवढ्याचं एक माप करायचं. भजनी ठेक्याचं आठ मात्रांचं आवर्तन, सहा मिनिटांचा अभंग... बसा मोजत. आणि खरं विचाराल तर तुम्हाला नकाशा हवाच कशाला? सगळे एकत्र वाजवणार असाल तर ग्रिड, म्हणजे मात्रांच्या उभ्या रेघा, झाकून ठेवा. रीपरमध्ये ग्रिड आणि स्नॅप (तुकडा आपोआप रेघेला चिकटणं) दोन्ही बंद करता येतात. तुमच्यासाठी पडद्यावर आवाजाच्या लाटांमधली सम डोळ्यांना दिसते तेवढी पुरे.


वीणेकरी:
सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, मधे दोन रविवार गेले.

रीपर घेतलं. पहिल्या दिवशी दोन तास नुसतं माइक कुठून आत घ्यायचा तेच शोधत होतो. नंतर मात्र बरं चाललं. पखवाज आणि पेटी एका माइकवर, दुसरा माइक माझ्यापुढे, कोरस मागे उभा. एकही टिकटिक नाही. दोन अभंगांचे चार-चार टेक झाले.

आता तीन तक्रारी.

एक. हेडफोनमध्ये माझा आवाज मला उशिरा येतो. विहिरीत तोंड घालून गातोय असं वाटतं.

दोन. काल रात्री कोपऱ्यात लयीचा आकडा १२० दिसला, म्हटलं आपला अभंग तर ७० च्या आसपासचा आहे, आकडा बरोबर करून ठेवू. ७० लिहिलं, एंटर दाबलं आणि आख्खा अभंग लांबला! मी स्वतः गुंगीचं औषध घेऊन गातोय तसा. हात थरथरायला लागले हो. कंट्रोल झेड केल्यावर परत आला. पण झालं काय?

तीन. दुसऱ्या टेकची सुरुवात आणि चौथ्याचा शेवट जोडायला गेलो. जोड लय आणि पट्टी सोडत नाही, तरी कान म्हणतो काहीतरी बदललं.


डबिंगवाला:
दोन नंबरला मी जबाबदार आहे, आधीच सांगायला हवं होतं. रीपर मुळात असं धरून चालतं की रेकॉर्डिंग मात्रांना बांधलेलं आहे. मात्रा लांबल्या की तेही लांबतं. ऑल्ट-एंटर दाबा, प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडतील. तिथे टाइमबेस, म्हणजे रेकॉर्डिंग कशाला बांधायचं ते, 'बीट्स'वर असेल, तो 'टाइम' करा. मग तो आकडा ७० करा नाहीतर ७००, अभंग हलणार नाही. हे नवीन प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या करायचं आणि तसंच डिफॉल्ट म्हणून जतन करायचं.

एक नंबर सॉफ्टवेअरचा दोष नाही. आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन परत येतो, त्याला वेळ लागतो. ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) ५१२ चा बफर, म्हणजे एका वेळी साठवलेले ५१२ नमुने, म्हणजे एका बाजूने साधारण ११ मिलिसेकंद, जाऊन-येऊन दुप्पट. ऑडिओ डिव्हाइसमध्ये इंटरफेससोबत आलेला आसिओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारा) निवडलाय ना ते बघा, आणि बफर १२८ करा. त्याहून सोपं म्हणजे इंटरफेसवर 'डायरेक्ट' असं लिहिलेलं बटण किंवा खुंटी असेल, ती वापरा. माइकचा आवाज लॅपटॉपात न जाता थेट कानात येतो. तेव्हा रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर दोनदा ऐकू येईल.

तीन नंबर माझ्या आवाक्यातला नाही. लाटा बघून तरी काही सांगता येत नाही.


हलगीसम्राट:
तीन नंबर मी सांगतो. काका, मधे पखवाजाच्या धुमावरची, म्हणजे डाव्या तोंडावरची, कणीक बदलली का हो?


वीणेकरी:
अरेच्चा! हो. तिसऱ्या टेकनंतर वाळली होती म्हणून मृदंगमणींनी खरवडून नवीन लावली. चहा झाला आणि मग चौथा टेक.


हलगीसम्राट:
मग झालं तर. धुमाचा आवाज बदलला की! ओली कणीक जड बोलते, वाळत आली की वर चढते. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, ते दोन धुम एक होणार नाहीत. जोडायचंच असेल तर एकाच कणकेतले टेक जोडा 😄


तिसरी घंटा:
"एकाच कणकेतले टेक." हे लिहून ठेवतोय. ट्रॅकच्या नावातच टाका की, 'अभंग २, टेक ४, कणीक २'. गंमत नाही करत. प्रयोगांच्या फाइलींना मी "पडदा उशिरा उघडला" अशीही नावं दिली आहेत.


न्यूजर्सीकर:
अवांतर: तंबोरा नंतर भरणार असाल तर आधी पेटी तपासा. आमची जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या, म्हणजे नेहमीच्या प्रमाण सुराच्या, बरीच वर लागलेली निघाली. सॉफ्टवेअरमधला तंबोरा बरोबर ४४० वर, दोन्ही एकत्र लावले की पोटात ढवळायला लागायचं. पेटीचा षड्ज ऐकत ॲपवरचा तंबोरा सूक्ष्म वर-खाली करून जुळवा आणि मगच रेकॉर्ड करा. पेटीला ओढता येत नाही, तंबोऱ्याला येतं.


डबिंगवाला:
आणि पुढे मिक्स दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं ठरलं तर रीपरची फाइल पाठवू नका, समोरच्याकडे उघडणार नाही. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत, २४ बिट वेव्ह, सगळे सारख्या लांबीचे. तसे दिलेत तर तो एफएलवाला असो की लॉजिकवाला, एकाखाली एक लावले की जुळतात.


वीणेकरी:
टाइमबेस बदलला. आकडा मुद्दाम ३०० करून पाहिला, अभंग जागचा हलला नाही. डायरेक्टची खुंटी इंटरफेसच्या पुढेच होती, मी तिला आवाजाचं बटण समजत होतो.

मृदंगमणींना कणकेचं सांगितलं. म्हणाले, "एवढं त्या पोराला कळतं, मग तो डीजे कशाला करतो?" हलगीसम्राट, निरोप जसाच्या तसा देतोय.

रविवारी उरलेले तीन अभंग. कणीक यावेळी सकाळी एकदाच लावायची असं ठरलंय, आणि सगळे टेक ती वाळायच्या आत. ट्रॅक सेव्ह करायला मी पुतण्यालाच बसवणार आहे, तो तयार झालाय. विचारत होता, पखवाजाचे एकेक बोल सुटे मिळतील का म्हणून. मृदंगमणी अजून हो म्हणालेले नाहीत.