देव तुमचा ‘यार’ कधीपासून झाला?

जुना_कॉयरवाला
सलाम मंडळी. काल रात्री चर्चच्या यूथ ग्रुपवर फिरणारी एक पोस्ट आमच्या पोरानं मला दाखवली, वर हसला पण. पोस्ट अशी: "जीझस माझा यार आहे. मी गादीवर लोळत, चहाचा कप हातात धरून प्रार्थना करतो. ‘गुड मॉर्निंग बॉस, आज जरा सांभाळून घे’, झालं. डोळे मिटा, डोकं झाका, गुडघे टेका हे सगळं म्हाताऱ्यांचं नाटक. देवाला फॉर्मॅलिटी लागत नाही." खाली बदामांचा आणि आगीच्या चित्रांचा पाऊस.

मला झोप नाही लागली म्हणून लिहितोय. कलेक्टरसमोर जायचं तर शर्ट खोचता, सासरे आले की पलंगावरचे पाय खाली घेता, आणि ज्यानं आकाश-पृथ्वी केली त्याला ‘बॉस’? ‘परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा प्रारंभ’ हे नीतिसूत्रांतलं वचन संडेस्कूलला पाठ केलं होतं की नुसता खाऊ खाल्ला होता? तिसरी आज्ञा तर कुणाला आठवतच नसेल. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको म्हणजे नुसती शिवी देऊ नको एवढंच नाही. चटणी सांडली तरी ‘अरे देवा’, उधारी बुडवताना ‘देवाशपथ’, हे पण त्यात आलं.

माझे आजोबा जुन्या गिरणीत होते. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी घरातून निघायचे. निघताना उंबऱ्याच्या आत थांबायचे, टोपी काढायचे, आणि हातातलं भाकरीचं फडकं आधी खाली ठेवायचे, मगच डोळे मिटायचे. अर्धा मिनिट प्रार्थना. उशीर झाला तर मुकादम आत घ्यायचा नाही, तरी ते फडकं खाली ठेवायचं कधी चुकलं नाही. हातात काही धरून त्यांनी प्रार्थना केलेली मी बघितलीच नाही. हे नाटक का?

निखारा_सोलापूर
काका सलाम, ती पोस्ट माझीच. स्क्रीनशॉट काढणाऱ्या तुमच्या पोराला रविवारी भेटतोच.

कलेक्टरचं उदाहरण मी बालवर्गापासून ऐकतोय, आता कलेक्टर पण कंटाळला असेल. तुम्ही नीतिसूत्रं काढलीत, मी योहान 15:15 काढतो. प्रभू स्वतः म्हणतो, मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हटलं आहे. मग मित्राला यार म्हटलं तर तुमच्या पोटात का दुखतंय?

आता माझी दुसरी बाजू. मी सकाळी 7 ला पार्सल उचलतो आणि रात्री 9 पर्यंत गाडीवर असतो. माझी खरी प्रार्थना अशोक चौकाच्या सिग्नलला होते, मे महिन्यात, डोक्यात हेल्मेट, मागे पार्सलची पिशवी. काय करू, हेल्मेट काढू? पिशवी खाली ठेवू? मागचा रिक्षावाला काय म्हणेल ते इथं लिहिता येणार नाही. लहानपणी आम्हाला देव म्हणजे काय शिकवलं, तर ‘देव बघतोय हं’. बिस्किट चोरलं, देव बघतोय. पेपरात कमी पडले, देव बघतोय. देव आहे का सीसीटीव्ही? मी वीस वर्षांचा होईपर्यंत मला तो आवडतच नव्हता, नुसती भीती होती. आता आवडतो. तुम्हाला मी घाबरलेला पाहिजे असेन तर तसं सांगा.

मोहोळकर
दोघंपण बरोबर असाल. पण मुद्दा भलतीकडेच चाललाय. मला आधी कुणीतरी सांगा, शहरातल्या चर्चमध्ये लोक चपला-बूट घालून आत का जातात?? आमच्या गावाकडं देवळाच्या दाराशी (हो, आम्ही देऊळच म्हणतो) चपलांची रांग असते, आत सतरंजी, सगळे खाली. सोलापुरात आलो तर लोक रस्त्यावरचा चिखल घेऊन बाकावर, आणि तेच बूट घालून प्रभुभोजनाला पुढं. देवानं जळत्या झुडपातून मोशेला पहिलं काय सांगितलं? पायातले जोडे काढ. निर्गम 3:5. मोशेनं ‘फॉर्मॅलिटी कशाला’ विचारलं नाही. यहोशवाला पण तेच सांगितलं, पाचव्या अध्यायात. दोनदा सांगितलंय, अजून किती वेळा सांगायचं?

चादरवाला
मोहोळकर, बाकं आणली अमेरिकन मिशनऱ्यांनी. थंड देशातली माणसं, त्यांच्याकडं आदर म्हणजे डोक्यावरची हॅट काढायची, बूट नाही. आपल्याकडं उलटं, बायांनी डोकं झाकायचं आणि पाय उघडे. गावात बाकांना पैसे नव्हते म्हणून सतरंजी राहिली आणि सतरंजीमुळं चपला बाहेर राहिल्या. याला तुम्ही अध्यात्म म्हणता, मी फर्निचर म्हणतो.

आणि स्वानुभव. मी काढली होती चप्पल. नवीन कोल्हापुरी, एकदाच घातलेली. एप्रिलचा शेवटचा रविवार, उपासना संपून बाहेर येतो तर चप्पल गायब. पाळकसाहेबांना सांगितलं, त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. चप्पल काय आली नाही. साडेअकराच्या उन्हात डांबरावरनं होटगी रोडपर्यंत अनवाणी गेलो, पवित्र भूमी काय असते ते तळपायाला कळलं.

मोहोळकर
चपलेसाठी रडालाय का बे तुम्ही? इथल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बघा, पांढरी बाराबंदी घातल्याशिवाय मानकरी नंदीध्वजाला हात लावत नाहीत. त्यांना आपल्या देवाची एवढी चाड आणि आपण जीन्स-बुटात ढेकर देत बसतो. लाज वाटली पाहिजे.

शेवटचा_बाक
झालं, आता सिद्धेश्वराची यात्रा आणली. उद्या म्हणाल नारळ पण फोडा. आमच्या पणज्यानं काय सोडून काय धरलं ते विसरू नका.

मोहोळकर
तुमच्या पणज्यानं उद्धटपणा धरला असेल, आमच्या पणज्यानं प्रभू धरला. शेजाऱ्याकडून चांगलं शिकलं तर बाटत नाही कुणी. आणि बाकावर शेवटी बसून मोबाइल बघणाऱ्यांनी मला शिकवू नये, नावातच कळतंय.

शेवटचा_बाक
मोबाइलमध्ये बायबल असतं काका. काळं पुस्तक काखेत मारून मिरवलं म्हणजे आदर होत नाही.

संडेस्कूलवाली_ताई
दोन दिवस गप्प वाचत होते, आता बोलते. ते पुस्तक आणि आदर, यावर.

आमच्या घरात बायबल लाल रेशमी कापडात बांधून उंचावर ठेवलेलं असायचं. त्यावर काहीही ठेवायचं नाही, चष्मासुद्धा नाही. माझ्या भावानं एकदा त्यावर वही ठेवली तर दोन दिवस अबोला. रात्री आठला सगळ्यांनी हात धुऊन बसायचं, वडील कापडाची गाठ सोडायचे, तेव्हा खोकायची पण चोरी. आणि ती गाठ परत बांधून झाली की त्याच हातानं, कालवणात मीठ कमी म्हणून, आईला मारायचे. काठी दाराच्या मागं असायची. आम्ही पोरं त्या लाल कापडाला पण घाबरायचो आणि काठीला पण, आणि बरीच वर्षं दोन्ही मला एकच वाटायचं.

म्हणून कॉयरवाले काका, ‘भय’ शब्द टाइप करताना जरा सांभाळून. आणि डोकं झाकण्याबद्दल: पौलाच्या पत्रातलं 1 करिंथ 11 काढून पदर तपासणारे पुरुष त्याच अध्यायात पुढं अयोग्य प्रकारे भाकर खाण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचत नाहीत. पौल तिथं श्रीमंतांना झापतोय, की तुम्ही आधी खाऊन घेता आणि गरीब उपाशी राहतो. वनभोजनाला आपल्याकडं पहिल्या पंगतीला कोण बसतं ते सगळ्यांना माहीत आहे.

वाचनमात्र
ताई, यावर काय बोलू. दुसरंच एक लिहितो.

2 शमुवेल 6 कुणी सलग वाचलाय का? कोश, म्हणजे देवाच्या कराराची पवित्र पेटी, गाडीवरनं नेताना बैल ठेचाळतात, उज्जा कोश सावरायला हात लावतो आणि जागच्या जागी मरतो. भय म्हणणारे इथंच थांबतात. पण त्याच अध्यायात पुढं त्याच कोशासमोर दावीद जीव तोडून नाचतो, आणि राजा असून हे काय चाळे म्हणून बायको त्याला टोचते, तर देव बायकोच्या बाजूनं नाही. एकाच अध्यायात दोन्ही. पोरांनी नाच ठेवला आणि उज्जा गाळला, काकांनी उज्जा ठेवला आणि नाच गाळला.

आणि ‘यार’वर एवढं चिडायच्या आधी आपली भाषा बघा. आपण बापाला ‘तुम्ही’ म्हणणारी माणसं, मी अजून म्हणतो. पण प्रभूची प्रार्थना? ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.’ तुझे! तुमचे नाही. पंढरपूर इथनं दीड-दोन तासांवर, तिथं विठोबाला शेकडो वर्षं ‘तू’च म्हणतात, आईला म्हणतात तसं. 1895 ला बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक ख्रिस्ताला माउलीच म्हणायचे. म्हणजे मराठीत देवाशी सलगी आधीपासून आहे, फक्त ती आईशी असते तशी आहे. आईला मी तू म्हणतो, पण ‘ए यार’ म्हणून बघितलं असतं तर तिनं उलथनं फेकून मारलं असतं.

शेवटचा_बाक
माझी मारते. यार न म्हणता.

जुना_कॉयरवाला
ताई, माफ करा. तुमचं वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. माझ्या आजोबांनी आजीवर हात उचलला नाही हे मला माहीत आहे, पण शेजारच्या खोलीतनं आवाज यायचे तेव्हा तेच आजोबा उठले पण नाहीत, हे पण खरं. ते मी वर लिहिलं नव्हतं.

‘तू’ची गोष्ट मान्य. पण निखारा, तुझं 15:15 वाचताना एक ओळ वर सरक. 15:14: मी सांगतो ते तुम्ही कराल तर तुम्ही माझे मित्र. दोस्ती फुकट नाही. आणि भोजनाला प्रभूच्या उराशी टेकून बसलेला योहान, आपण तोच मानतो, पात्मोस बेटावर त्याला बघितल्यावर मेल्यासारखा पायाशी पडला. प्रकटीकरण 1:17. जवळचा होता म्हणून ‘काय बॉस’ म्हणाला नाही. आणि कुणी आता ‘प्रभू देवाला अब्बा म्हणाला, अब्बा म्हणजे डॅडी’ हे घेऊन येऊ नका, मोठी मिशीवाली माणसं पण बापाला अब्बाच म्हणायची.

निखारा_सोलापूर
ओळ 14 बघितली. तुमचा पॉइंट. एक.

पण त्याच 1:17 मध्ये पुढं काय आहे? प्रभू त्याच्यावर हात ठेवून म्हणतो, भिऊ नको. माझा पॉइंट. बरोबरी.

‘बॉस’ काढून टाकतो, नाहीतरी माझा डेपोतला बॉस आठवला की प्रार्थना बिघडते. चहाचा कप पण खाली ठेवीन, आजोबांच्या फडक्यासाठी, तुमच्यासाठी नाही. हेल्मेट काढणार नाही.

जुना_कॉयरवाला
हेल्मेट काढू नकोस रे बाबा. सिग्नलला डोळे पण मिटू नकोस.

मोहोळकर
सगळं ठीक, पण चपलांचं काय ठरलं? माझ्या प्रश्नाला अजून एकानं नीट उत्तर दिलेलं नाही.

चादरवाला
रॅक करा, मी काढतो. लोखंडी, कुलूपवाला. पैसे गावाकडच्यांनी द्यायचे.

शेवटचा_बाक
टोकन पण ठेवा. आणि रॅकवर राखणीला कोण, तो उपासना कधी ऐकणार?

चादरवाला
शेवटच्या बाकावरचे ठेवू. तसंही ऐकत नाहीत.

मोहोळकर
आणि ती कोल्हापुरी कितीची होती हो?