मदत हवी आहे: एएम ट्रान्समीटर अंगणापलीकडे जात नाही

ओहायोकर
नमस्कार. घरी १०० मिलिवॉटचा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बनवला आहे. १६०० किलोहर्ट्झ. अँटेना ३ मीटरची तांब्याची नळी, मागच्या अंगणात उभी. घरात बरं ऐकू येतं, पण कुंपण ओलांडलं की खरखर, आणि आवाजात सतत घूंऽऽ असा गुंजारव. संध्याकाळी सातनंतर तर घरातसुद्धा नीट लागत नाही. तीन आठवडे झाले, रोज रात्री जागतोय. अँटेनात काय चुकतंय? कृपया लवकर सांगा, रविवारच्या आत हवं आहे.

चकोर
ट्रान्समीटर कुठे ठेवलाय? अँटेना जुळवायची कॉईल (तारेचं वेटोळं) किती वेढ्यांची? अर्थिंग कसलं? हे लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार?

सह्याद्री_७१
विनापरवाना ट्रान्समीटर लावणं गुन्हा आहे, हे आधी लक्षात घ्या. बिहारमध्ये मन्सूरपूरला एका तरुणाने रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून गावासाठी एफएम चालवलं होतं, साऱ्या पंचक्रोशीला आवडायचं, तरी २००६ मध्ये बंद करावं लागलं. रीतसर करायचं तर कम्युनिटी रेडिओचा परवाना घ्या. १०० वॉट ईआरपी (अँटेनातून बाहेर पडणारी परिणामी ताकद) आणि ३० मीटरपर्यंतच्या मनोऱ्याची परवानगी मिळते. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी अशीच ९०.४ वर चालते.

ओहायोकर
सह्याद्री, मी अमेरिकेत आहे, आयडीवरून कळेल असं वाटलं होतं. इथल्या सरकारच्या 'पार्ट १५' या रेडिओ नियमांत ५१० ते १७०५ किलोहर्ट्झमध्ये परवान्याशिवाय चालतं. अट एवढीच की शेवटच्या टप्प्याला १०० मिलिवॉटपेक्षा जास्त वीज जाता कामा नये आणि अँटेना ३ मीटरच्या आत हवी. माझा फायनल ट्रान्झिस्टर १२ व्होल्टला ८ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ९६ मिलिवॉट. कायद्याचा प्रश्न नाही.
चकोर, कॉईल आहे, लिहायची राहिली. २ इंची पीव्हीसी पाइपवर ८० वेढे. ट्रान्समीटर तळघरात, लॅपटॉपजवळ. तिथून कोॲक्स केबल अंगणात नेली आहे.

चकोर
केबल किती लांब? आणि कॉईल कुठे, तळघरात की नळीच्या बुडाशी?

ओहायोकर
१२ मीटर. कॉईल ट्रान्समीटरच्या डब्यातच आहे.

चकोर
मग दुसरं काही शोधायला नको. तुमची ३ मीटरची नळी म्हणजे जेमतेम ३० पिकोफॅरडचा कंडेन्सर. साध्या कोॲक्सला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड असतात, म्हणजे १२ मीटरला १२००. कॉईलच्या पुढे ही केबल लागली की सिग्नल केबलमध्येच जिरतो, नळीपर्यंत पोचतच नाही. ट्रान्समीटर आणि कॉईल दोन्ही नळीच्या बुडाशी न्या. तळघरातून फक्त आवाजाची वायर आणि १२ व्होल्ट बाहेर जाऊ द्या.
शिवाय ३ मीटरच्या मर्यादेत अँटेना, तिला जाणारी केबल आणि अर्थची वायर असं सगळं मिळून मोजतात. तुमची आत्ताची जोडणी नियमातही बसत नाही.

नर्मदातीर
चकोर म्हणतात त्यात तथ्य आहे, पण मूळ रोग अर्थिंगचा आहे. १६०० ला तरंगलांबी १८७ मीटर, चतुर्थांश म्हणजे जवळपास ४७ मीटर. त्यापुढे ३ मीटर काय? अशा अँटेनाचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे लहरी बनून बाहेर जाणाऱ्या विजेचा वाटा दाखवणारा रोध, ओहमचा दहावा हिस्सा असतो. जमिनीत आणि कॉईलमध्ये मिळून २० ओहम जात असतील तर १०० मिलिवॉटमधला अर्धा मिलिवॉट बाहेर पडतो. जमीन १० ओहमवर आणलीत की पल्ला लगेच वाढतो. माझं सांगणं एकच: नळीच्या बुडाशी आठ फुटी रॉड ठोका आणि त्याभोवती जमिनीत चाकाच्या आऱ्यांसारख्या तारा पुरा. मी सोळा पुरल्या होत्या.

चकोर
पुरलेल्या तारा त्या ३ मीटरमध्ये मोजायच्या की नाही, यावर वाद आहे. नव्या माणसाला त्यात ढकलू नका.

नर्मदातीर
ट्रान्समीटरपासून जमिनीपर्यंतची वायर मोजा, वीतभर असते. पुढची आहे ती जमीनच. मी वर्षानुवर्षं असंच करतोय.

चकोर
तुम्ही करता म्हणून नियम होत नाही. अमेरिकेत २०२० च्या कायद्याने बेकायदा प्रसारणाला दिवसाला एक लाख डॉलरपर्यंत दंड ठरवला. ओहायोकर, फक्त रॉड ठोका आणि त्यावर भागतंय का पाहा.

स्नेहल_ऑकलंड
एएमच्या फंदात कशाला पडता? एफएम लावा, आवाज स्वच्छ येतो. इथे न्यूझीलंडमध्ये एफएम पट्ट्याच्या दोन टोकांना १ वॉटपर्यंत मुभा आहे. आमच्या गल्लीत मी गणपतीच्या आरत्या त्यावरच लावते. पाऊण मीटरची उभी काडी, बुडाशी चार आडव्या काड्या, बस्स.

चकोर
स्नेहलताई, अमेरिकेत एफएमला ३ मीटरवर २५० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर एवढीच परवानगी आहे. हिशेब केला तर २० नॅनोवॉटसुद्धा भरत नाही. साधारण २०० फुटांत संपतं.

व्हीयू२_निवृत्त
मी चाळीस वर्षं हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला, आहे. परीक्षा द्या, परवाना घ्या आणि शॉर्टवेव्हवर साऱ्या जगाशी बोला. मुलांनी हा छंद धरायलाच हवा.

चकोर
काका, हॅम परवान्यावर गाणी-कीर्तनं प्रसारित करता येत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

व्हीयू२_निवृत्त
ते खरंच. पण अँटेनाचं ज्ञान त्यातूनच येतं. असो. गुंजारवाचं सांगतो. तो ट्रान्समीटरला वीज देणाऱ्या अ‍ॅडॅप्टरचा आहे. घराच्या वीजवायरिंगचाच अर्थ म्हणून वापर होतोय, म्हणून घरात बरं ऐकू येतं आणि घूंऽऽ पण येतं. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहा. गेला तर खात्री पटली. मग आवाजाच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, नाहीतर लॅपटॉपमधून परत शिरेल.

नर्मदातीर
आणि १६०० सोडा. १६८०-१६९० ला जा. इथे पट्टा १७०० पर्यंत आहे आणि वरचं टोक बरंच रिकामं. अंधार पडला की आकाशातून शेकडो मैलांवरची स्टेशनं १६०० वर येऊन बसतात, त्यांच्यापुढे तुमचा अर्धा मिलिवॉट टिकत नाही. सातनंतरचं कोडं ते हेच.

ओहायोकर
१६०० बदलता येणार नाही. बाकी सगळं करतो.

नर्मदातीर
का बदलता येणार नाही? ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) एकाच फ्रिक्वेन्सीच्या क्रिस्टलचा आहे का?

ओहायोकर
नाही, एसआय५३५१ मॉड्यूल आहे, कुठलीही फ्रिक्वेन्सी देता येते. पण बदलता येणार नाही.

चकोर
कारण सांगितलंत तर मार्ग निघेल.

मंजिरी_डब्लिन
एक ब्लूटूथ स्पीकर घेतला तर हा सगळा खटाटोप वाचेल. माझ्या सासूबाई आता सहज वापरतात.

ओहायोकर
सगळं सांगतो. हे माझ्या वडिलांसाठी आहे. अण्णा ८२ वर्षांचे आहेत. आई गेल्यावर मार्चमध्ये साताऱ्याहून त्यांना इथे आणलं. येताना हातातल्या पिशवीत त्यांनी स्वतःचा रेडिओ आणला, चामड्याच्या कव्हरचा. पुणे केंद्र ७९२ वर, एवढं त्यांना पाठ. इथे रोज सकाळी सहाला उठून रेडिओ लावतात, काटा ७९२ वर नेतात, थोडा वेळ ऐकतात आणि बंद करतात. फोन, स्पीकर सगळं देऊन झालं. हातात घेतात आणि परत टेबलावर ठेवतात.
आत्या तिकडून कीर्तनं रेकॉर्ड करून पाठवते, माझा मुलगा रोज पाच मिनिटं मराठी बातम्या वाचतो. ते त्यांच्याच रेडिओवर लागावं एवढीच माझी इच्छा आहे. रविवारी त्यांचा वाढदिवस आहे. गल्लीत पलीकडे दोन मराठी घरं आहेत, त्यांच्याकडचे आजीआजोबाही ऐकतील. त्या रेडिओचा काटा १६०५ ला संपतो. पट्टीवर पुढे आकडेच नाहीत. म्हणून १६००.

व्हीयू२_निवृत्त
७९२! हडपसरचा मनोरा डोळ्यांसमोर आला. आमच्या घरी सांगलीचं १२५१ लागायचं, शेतकऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला की वडील आम्हाला गप्प बसवायचे.

कृष्णाकाठ
मी एरवी इथे लिहीत नाही. कराडला सदतीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ओहायोकर, ट्रान्समीटर १६८० ला न्या आणि अण्णांचा रेडिओ तिथपर्यंत ओढा. ते होतं.
मागचं झाकण उघडा. गँग दिसेल, पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोनी डबा, ज्याला काट्याची दोरी जोडलेली असते. त्याच्या पाठीवर बारीक पितळी स्क्रू असतात, ते ट्रिमर. फक्त मीडियम वेव्हचा रेडिओ असेल तर दोन. एक ऑसिलेटरचा, एक अँटेनाचा. कुठला कोणता हे असं ओळखा: फिरवल्यावर स्टेशन जागा सोडून सरकतं तो ऑसिलेटरचा, जागा न सोडता आवाज नुसता कमीजास्त होतो तो अँटेनाचा.
फिरवण्याआधी दोन्हींच्या खाचा कुठे आहेत त्याचा फोटो काढा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर लावू नका, तो जवळ आला तरी ट्यूनिंग हलतं. बांबूची काडी तासून घ्या. काटा अगदी वरच्या टोकाला न्या, ट्रान्समीटर १६८० वर चालू ठेवा आणि ऑसिलेटरचा ट्रिमर हळूहळू, केसभर फिरवा, अण्णांचं कीर्तन लागेपर्यंत. मग अँटेनाच्या ट्रिमरने आवाज मोठा करा. खालच्या बाजूचे आकडे थोडे सरकतील, त्याला इलाज नाही. आयएफटीच्या (आतल्या छोट्या धातूच्या डब्यांमधल्या कॉईलींच्या) रंगीत टोप्यांना मात्र हात लावायचा नाही.

चकोर
मस्त, काका. ओहायोकर, १६८० ला कॉईलचे वेढे ८० वरून ७५ च्या आसपास आणावे लागतील. दोन-दोन वेढ्यांवर टॅप (मधूनच वायर जोडायची जागा) काढा. आणि टॅप बदलला की नळीपासून चार पावलं लांब या, मगच मोजा. माणूस जवळ उभा असला की थोड्या पिकोफॅरडचा फरक सहज पडतो, ट्यूनिंग तिथेच बिघडतं.

ओहायोकर
शनिवार रात्र. ट्रान्समीटर बाहेर नेला, रॉड ठोकला (साडेसहा फुटांवर दगड लागला, तिथेच थांबलो), तारा पुरल्या नाहीत. बॅटरीवर घूंऽऽ गेला. ७४ वेढ्यांवर सगळ्यात मोठा आवाज. पलीकडची दोन्ही घरं स्वच्छ, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत शब्द कळतात.
रेडिओ उघडताना हात थरथरत होते. अण्णा शेजारी बसून टॉर्च धरून होते, त्यांना फक्त 'साफ करतोय' म्हणून सांगितलं होतं. ऑसिलेटरचा ट्रिमर पाव फेऱ्याच्या आतच १६८० ला आला. मुलाचा आवाज लागला तेव्हा अण्णा म्हणाले, "बातम्या कुठल्या केंद्रावरून आहेत?" मुलगा स्वयंपाकघरातून ओरडला, "अण्णा, मीच!" त्यांनी माझ्या हातातून रेडिओ घेतला, बंद केला, परत चालू केला आणि काटा स्वतः फिरवून पुन्हा लावून बघितला.
कृष्णाकाठ काका, तुम्हाला साष्टांग नमस्कार. रविवारी आत्याचं कीर्तन आहे, सकाळी सहाला.

कृष्णाकाठ
आनंद वाटला. काट्याची दोरी जुनी असेल, सैल वाटली तर आत्ताच बदला. अण्णांना कराडकरांचा नमस्कार सांगा.

नर्मदातीर
अभिनंदन. तरी तारा पुरून बघाच.

ओहायोकर
आता एक वेगळं. इथे नोव्हेंबरपासून बर्फ. नळीच्या बुडाशी प्लॅस्टिकचा डबा आहे, आत कॉईल आणि बोर्ड. सीलबंद करू का?

चकोर
पूर्ण सीलबंद नको, आतल्या आत दव धरतं आणि कॉईल ओली झाली की ट्यूनिंग सरकतं. तळाला पेन्सिलीएवढं भोक ठेवा, वायरी खालूनच आत घ्या. डबा जमिनीपासून किती वर आहे?